जपानी ब्रश

"चावी दे, माय. दुपारनी गाडीवर जानं शे," सुकदेव म्हणाला आणि त्यानं हात पुढे केला.

सरलाबाईंनी कमरेला खोचलेली खानावळीची चावी आणखी आत सरकवली. "माले नही येनं."

हे ऐकायला तीस माणसं होती. रात्रपाळी सुटलेले कारागीर ओट्याखाली ताटाची वाट बघत बसले होते. सगळे खानदेशातले, पोटापाण्यासाठी बमरोलीत येऊन लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवणारे आणि बारा वर्षं सरलाबाईंच्या खानावळीत जेवणारे. गल्लीत दोन्ही बाजूंना लूमची खडखड चालू होती. शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं, त्यामुळे मायलेकाचं भांडण घरातल्या घरात ठेवायची सोयच नव्हती.

सुकदेव शहाद्याला शाळामास्तर होता. वर्गात त्याचा शब्द शेवटचा असायचा. आईपुढे मात्र तो कधी पहिलाही ठरला नव्हता. या खेपेला तो पक्का ठरवून आला होता. खानावळ उद्यापासून त्याचा चुलतभाऊ धुडकू बघणार, हे त्यानं परस्पर नक्की करून टाकलं होतं. आईची वळकटी त्यानं सकाळीच बांधली होती. तिकडे बायकोनं खिडकीजवळ खाट टाकून ठेवली होती. आता राहिली होती ती फक्त चावी.

मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. गेल्या श्रावणात सरलाबाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात सावरला, हात काही सावरेना. आणि त्यांच्या खानावळीचा नियम असा, की दात घासल्याशिवाय कुणी चुलीपाशी फिरकायचं नाही. या नियमापायी त्यांनी एकदा भागीरथीला, म्हणजे हाताखालच्या बाईला, पीठ मळता मळता उठवलं होतं. आता त्यांच्याच बोटांत ब्रश ठरत नव्हता. मग भागीरथी त्यांना ओट्यावर बसवून लहान मुलासारखे दात घासून द्यायची आणि खाली बसलेली माणसं मुद्दाम दुसरीकडे बघायची. नवरात्रात आलेल्या सुकदेवनं हे पाहिलं आणि तो टाकीमागे जाऊन रडला.

त्याच दिवशी तो बोलून गेला होता. स्वतःच्या हातानं दात घासशील, त्या दिवसापासून मी तोंड उघडणार नाही. नाही जमलं, तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या घरी यायचं. सरलाबाईंनी सगळ्यांदेखत मान हलवली होती.

दुसऱ्याच दिवशी घरमालकीण कांताबेन त्यांचा जपानी ब्रश घेऊन आल्या. भावानं जपानहून आणलेला. त्यांना त्यानं हिरड्यांत गुदगुल्या व्हायच्या. चांगला मुठीत मावेल असा जाड दांडा, आत दोन सेल, बटण दाबलं की घूंऽऽ. सुकदेवनं तो हातात घेतला आणि दचकून खाली टाकला. भागीरथी दोन दिवस हसत होती.

आज आखाजीला चार दिवस उरले होते.

"तू काय सांगेल व्हतं, याद शे ना?" सरलाबाईंनी विचारलं.

"शे ना."

त्यांनी फळीवरून तोच ब्रश काढला. त्यावर पेस्ट घेतली. उजव्या मुठीत दांडा धरला आणि ओट्याच्या कडेला, सगळ्यांच्या समोर, दात घासायला बसल्या. या वेळी एकाही माणसानं मान फिरवली नाही. म्हातारा उखा तर उठून उभा राहिला.

सुकदेवला हसू आलं आणि रागही आला. ही तर फसवणूक झाली. असल्या खटपटीनं शब्द पाळला म्हणायचं, तर उद्या ही बाई गिरणीचं पीठ दाखवून जात्यावर दळलं म्हणेल.

"दात मशीन घासस, माय. तू नही!" तो लूमच्या आवाजावर ओरडला. "तुना हात नुसता दांडा धरस!"

सरलाबाईंनी वरचे दात सोडून खालचे घासायला घेतले.

"आन ती चावी!"

तेवढ्यात लाइट गेली. गल्लीतले सगळे लूम एका झटक्यात गप्प झाले. इतकं शांत झालं, की चुलीवरच्या वरणाची रटरट ऐकू यायला लागली. सुकदेवचा वर चढवलेला आवाज त्या शांततेत एकटाच उरला. तो ओशाळला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की घूं घूं कुठेच नाही. तो आईजवळ वाकला. त्यानं नीट कान दिला. ब्रशचा आवाज नव्हता.

"बंद पडनं तुनं मशीन," तो म्हणाला. आवाजात जिंकल्याचा आनंद होता आणि तो त्याला लपवता आला नाही. "सेल सरनात. आते काय करशी?"

सरलाबाई घासतच राहिल्या. उजवीकडून डावीकडे, आतून, बाहेरून, घाई न करता. खाली बसलेल्यांतला एक जण हळूच उठला, मग दुसरा. भागीरथी दारात पिठाचे हात घेऊन थांबली होती. सुकदेवचं लक्ष आता ब्रशवरून आईच्या मनगटाकडे गेलं.

त्यांनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि ओला ब्रश लेकाच्या हातावर ठेवला.

"सेल तं दिवाईमाच सरी गयात," त्या म्हणाल्या. "तवयपासून मना हातच घासस."