वीस पावलं लांब

"हे कोणी खरं मानणार नाही," यशवंतकाका पिकअपच्या हौद्यात चढता चढता म्हणाले, "पण नव्वद साली मी इथे माबेल्यात बसून सलालात नारळ फुटल्याचा आवाज ऐकलाय. ड्रायव्हर जेवायला बसलेला, रेडिओचं बटण चुकून दाबलं गेलेलं, आणि मागे बाई नारळ फोडतेय. खोबरं कोवळं आहे, हेसुद्धा मी इथून सांगितलं. काय समजलास?"

"काका, हजार किलोमीटर आहे सलाला!" बाळकृष्ण हसला.

"म्हणून तर म्हटलं, कोणी मानणार नाही."

पिकअप मालकाची, महमूद अर्बाबची, पण चालवणारा बाळकृष्ण. अल मवालेहच्या बाजारात भाजी भरायची आणि डोंगरातल्या गावांना पोचवायची. अठ्ठ्याण्णव साली आखातातल्या त्या डोंगरात मोबाइलचा उपयोग खेळण्याइतकाच. म्हणून अर्बाबने दोन्ही पिकअपना रेडिओ बसवून घेतले होते आणि तिसरा सेट माबेल्यातल्या गाड्यांच्या यार्डात काकांच्या टेबलावर ठेवला होता. कोणी अडकलं की यार्डाला हाक मारायची आणि यार्डातून मदत निघायची, असा शिरस्ता.

गेल्या महिन्यात तो शिरस्ता मोडला. पंधरा किलोमीटरवरच्या वादीत, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यात, अचानक पाणी आलं आणि दुसऱ्या पिकअपचा उस्मान मधोमध अडकला. तीन तास तो टपावर बसून, माइकची वायर खिडकीतून ओढून यार्डाला हाका मारत होता. शेवटी गावकऱ्यांनी दोर टाकून ओढला त्याला. यार्डात काका भर दुपारी सेटसमोरच बसलेले होते.

"एक शब्द आला नाही," काकांनी मुलीची शपथ घेऊन सांगितलं होतं. काकांच्या गोष्टी कितीही फुगलेल्या असल्या, तरी ती शपथ खोटी नव्हती. बाळकृष्णाने त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहिला होता.

मग दोष अँटेनावर गेला. आणि अँटेना बसवलेला कोणी? काकांनीच.

अर्बाबने दोन नवे अँटेना आणले. उस्मानच्या गाडीचा काल बसला, आज बाळकृष्णाचा. आवाज साफ आला तर काकांचा व्हिसा दोन वर्षं वाढणार. नाही आला, तर चिपळूणचं तिकीट. काकांची मुलगी उर्वी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ही दोन वर्षं काकांना हवीच होती.

बाळकृष्णालाही आवाज साफ हवा होता. शनिवारी त्याच वादीतून तो जाणार होता.

काकांनी केबिनमागच्या पट्टीवर जागा निवडली आणि कानशीने रंग खरवडायला घेतला. "रंगावर बसवलास की अर्थिंग गेलं. नुसता पत्रा लागला पाहिजे पत्र्याला."

"फ्यूज किती अँपचा टाकू?" बाळकृष्णाने केबिनमधून विचारलं.

"निझव्याला एक शेख होता," काका खरवडत म्हणाले, "त्याने अँटेना सोन्याचा करून मागितला..."

काकांना काही विचारलं की हे असं. बाळकृष्णाने आपल्याच अकलेने पाच अँपचा टाकला.

अँटेनाची काडी उभी राहिली. काकांनी मीटर जोडला, बॉनेटवर तळवा ठेवून इंजिन चालू असल्याची खात्री केली आणि अर्बाबकडे वळून दोन्ही हात हलवले.

"अर्बाब, बीस कदम पीछे! आदमी पास में खडा, तो काटा झूठ बोलता."

महमूद अर्बाब पायघोळ कंदुरा सावरत मुकाट्याने गाफच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला. या कामात काकांचं ऐकायचं, एवढं त्याला ठाऊक होतं.

काटा जितका एकाजवळ, तितका अँटेना जुळलेला; पहिल्यांदा तो तीनवर गेला. काकांनी काडी एक सूत खाली घेतली. दोन. आणखी अर्धं सूत. दीड. मग कितीतरी वेळ ते नुसते काडीकडे बघत राहिले. डोळे मिटून त्यांनी ती केसाएवढी सरकवली आणि बोटाने पीळ दिला. काटा एकावर येऊन टेकला. बाळकृष्णाने इतकं नेमकं काम दुसऱ्या कोणाच्या हातून पाहिलं नव्हतं.

"यल्ला, आता बोलून बघू."

काका ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. उस्मान त्याच वादीच्या काठावर आपली गाडी घेऊन थांबला होता. सेट जुना, त्याच्या पोटातला स्पीकर कधीचाच फाटलेला. म्हणून सीटखाली वेगळा स्पीकर बसवायचा होता, आणि बाळकृष्ण डॅशबोर्डखाली उताणा पडून त्याच्या वायरींशी झटापट करत होता. काकांना मात्र दम नव्हता. त्यांनी माइक तोंडाशी धरून बटण दाबलं.

"उस्मान, उस्मान, यार्ड का यशवंत बोलता है. आवाज कैसा है? बोलो."

बटण सोडलं. त्यांची नजर सेटवरच्या लाल दिव्यावर खिळली; पलीकडून कोणी बोललं की तो लुकलुकायचा, यार्डातल्या सेटला असा दिवा नव्हता. दिवा लुकलुकला, बराच वेळ लुकलुकत राहिला, मग विझला. काकांचा चेहरा उजळला. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"अर्बाब! उस्मान बोलता, एकदम क्लीअर! बोलता है, जैसे बाजू में बैठके बात करता!"

"माशाल्ला!" झाडाखालून अर्बाबने हात उंचावला. "खलास, यशवंत. दो साल!"

"उसके पीछे बकरी चिल्लाती है," काका आता पुरते रंगात आले होते, "वो भी सुना मैंने! दो बकरी, एक का गला बैठा है!"

"काका," बाळकृष्ण खालून म्हणाला.

काका बकरीचा आवाज काढून दाखवत होते.

"काका!" आता तो ओरडलाच. काकांचा गुडघा त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. तो हललासुद्धा नाही.

"काका, स्पीकरची वायर अजून माझ्या हातात आहे."