कापरावरची शपथ

“त्याला पोडी म्हणू नका!” मसाल्याचे व्यापारी तिरवियम अण्णाची माइकवर कडाडले. “पोडी माझ्या गिरणीत दळली जाते. तुमच्या मोबाईलात येतो तो चोरीचा माल!”

विरुदुनगरच्या थिएटरसमोरच्या मांडवात टाळ्या पडल्या. चोरून फुटलेल्या सिनेमाला गावातली पोरं ‘पोडी’ म्हणू लागली होती. चिमूटभर फाईल, अख्ख्या जेवणाची चव. ‘पोडी आली का?’ असं ती फोनवरच्या गटांत विचारत आणि खाली लाल मिरच्यांची चित्रं डकवत. तीस वर्षं सांबार पोडी, म्हणजे सांबाराचा मसाला, विकणाऱ्या अण्णाचींना हा धंद्याचा अपमान वाटे. जाईल तिथे ते तसं बोलूनही दाखवत. म्हणूनच एका नटाच्या चाहता मंडळाने आजच्या शपथेला त्यांना बोलावलं होतं. त्या नटाचा नवा सिनेमा उद्या लागणार होता. तो चोरून पाहणार नाही, तिकीट काढूनच पाहू, अशी शपथ.

अण्णाचींचा जीव मात्र निर्मात्या उमैयाळ अम्मांच्या मांडीवरच्या फायलीत होता. त्या फायलीत करार होता. सिनेमात नायकाच्या बहिणीचं काम करणाऱ्या नटीचा फोटो अण्णाचींच्या पाकिटावर येणार होता. धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याने, पोन्नैयाने, आपल्या पाकिटावर एक विनोदी नट बसवल्यापासून अण्णाचींची पोडी दुकानादुकानांत खालच्या फळीवर गेली होती, झाडूंच्या शेजारी. शपथ झाली की सही, असं ठरलं होतं.

ताटात कापूर पेटला. अण्णाचींनी थाडकन तळवा मारून ज्योत विझवली; शपथ घ्यायची ती तिकडची रीत. मंडळाच्या दीडशे जणांनी ओळीने तसंच केलं. तळवे भाजले, फोटो निघाले, सगळे पवित्र झाले.

अम्मांनी पेन काढलं. पण अण्णाचींच्या हातात अजून माइक होता.

“असा सिनेमा चोरायचा? लाजा वाटल्या पाहिजेत! तो भाऊ बहिणीचं प्रेत खांद्यावर टाकून मिठागरातून चालत जातो...” त्यांनी उपरण्यात नाक शिंकरलं. “तीन दिवस माझ्या घशाखाली इडली उतरली नाही हो!”

पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

“आणि तिच्या पायातली चप्पल गळून पडते, अण्णाची!” मागून कुणीतरी ओरडलं.

“अरे, ती चप्पल!” अण्णाची म्हणाले, आणि अख्खा मांडव हुंदके देऊ लागला.

एकट्या उमैयाळ अम्मा रडल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्या आवाजाने अण्णाचींना आजचा वार आठवला. गुरुवार.

“म्हणजे... चेन्नईला पाहिला, अम्मा,” ते घाईघाईने म्हणाले. “वार्ताहरांसाठी खास खेळ होता ना, तिथे! एका ओळखीच्याने नेलं होतं.”

“हो, हो, आम्हीपण तिथेच!” अध्यक्ष म्हणाले. दीडशे माना हलल्या.

अम्मा उठल्या. फाईल काखेत मारली आणि अण्णाचींच्या हातातून माइक घेतला.

“प्रेत आहे ते चोरीला गेलेल्या प्रतीत, अण्णाची. शेवट आम्ही महिन्यापूर्वीच बदलला. पडद्यावर त्या पोरीचं लग्न लागतं. उद्या सगळ्यांनी यायचं हं, अक्षता टाकायला.”