मीटरखालची मोकळी जागा

"अकरा मीटर वायर लागेल," वायरमन म्हणाला आणि त्याने टेप सोडून दिली. ती सळसळत डबीत शिरली. "चार्जर बसला तर याच भिंतीवर. पलीकडे पाण्याचा पंप, त्याला लागून गॅसचा पाइप. तिकडे कोण परवानगी देणार?"

वैभवने आकडा वहीत लिहिला. लालबागच्या त्या तीन मजली चाळीच्या अंगणात, मीटरच्या खोलीजवळ, जिला सगळे 'मीटरखाली' म्हणत, एवढीच जागा मोकळी होती. आणि तीही अलीकडेच झाली होती. वर्षानुवर्षे तिथे दोन स्कूटरी उभ्या असत. पंधरवड्यापूर्वी त्या न सांगता मागच्या गल्लीत गेल्या. आता रोज सकाळी कुणीतरी तिथली फरशी झाडून, धुऊन ठेवत असे. नशिबावर वैभवचा कधी विश्वास नव्हता. पण या जागेपुरता तो त्याने ठेवला.

दुसऱ्या मजल्यावर त्याचे वडील, अप्पा, ऑक्सिजनच्या यंत्राला नळीने बांधलेले होते. माझगावच्या गोदीत एकतीस वर्षे वेल्डिंगचा धूर प्यायलेली ती छाती आता पेट्रोलचा नुसता वासही सोसत नसे. टॅक्सीत बसवले की लालबागचा पूल ओलांडेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडत. मागच्या खेपेस डॉक्टरांनी वैभवला एकट्याला केबिनबाहेर नेऊन हळू आवाजात काही सांगितले होते. ते त्याने घरी येऊन कुणालाच सांगितले नाही. त्या दिवसापासून तो विजेच्या गाड्या पाहू लागला.

तीन गाड्या पाहिल्या. पहिली लांब पल्ल्याची, पण तिचे आसन इतके खोल, की अप्पांना उठता आले नसते. दुसरीला खड्ड्यांत फार हादरे. तिसरीत मात्र घरात असतो तसा प्लग होता. अप्पांचे यंत्र साडेतीनशे वॉटचे. रात्रभर चालवले तरी बॅटरी सहा टक्क्यांनी उतरेल, हा हिशेब वैभवने इतक्या वेळा केला होता, की तो एखाद्या स्तोत्रासारखा पाठ झाला होता. धूर नाही, आवाज नाही, श्वास तुटणार नाही.

"माका खाडी दाखवतलस मां रे?" अप्पा रोज विचारत. आचऱ्याची, त्यांच्या गावची खाडी त्यांनी सहा वर्षांत पाहिली नव्हती.

"चार्जर बसला की निघायचंच, अप्पा."

चार्जरसाठी चाळीच्या सोसायटीचे पत्र हवे होते. गाडी ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि पत्राशिवाय शोरूम पुढे सरकत नव्हती. अर्ज देऊन आठ दिवस झाले. सेक्रेटरी बाबुराव रोज नवे काही सांगत. आज मीटिंग नाही. उद्या बघू. गणपती होऊन जाऊ दे.

समोरच्या खोलीतल्या गौतमने आधी थट्टा केली होती. "काय शेठ, पहिली चक्कर आमची हां! पण लावणार कुठे?"

"मीटरखाली."

गौतमचे हसू ओठांवरच राहिले. त्याने वैभवच्या खांद्यावर हात ठेवला, काढून घेतला आणि तो आत गेला. शेजारच्या कमलाबाई तर वैभव दिसला की नजर खाली वळवू लागल्या. वैभवने त्याचा एकच अर्थ लावला. चाळीतली पहिली विजेची गाडी आपल्याकडे येते आहे, हे यांना बघवत नाही.

रविवारी सकाळी तो बाबुरावांच्या दारात उभा राहिला. संतापाने बोलायची त्याला सवय नव्हती.

"काका, कुणाच्या पोटात दुखतंय, तेवढं तरी सांगा. मी त्यांच्या पाया पडतो. पण अप्पांना एकदा गावी नेऊ द्या."

बाबुरावांनी कपाटातून एक कागद काढून त्याच्या हातात दिला. सोसायटीचे पत्र. जागा मंजूर. खाली सह्या. चाळीतल्या एकूण एक खोलीची सही होती. गौतमची होती. कमलाबाईंची, थरथरत्या अक्षरांतली, सगळ्यांच्या वर होती.

वैभवला शरमल्यासारखे झाले. कागद दोनदा वाचल्यावर त्याच्या ध्यानात आले.

"काका, यावर तारीख नाही."

"बाळा," बाबुरावांनी चष्मा काढला, "डॉक्टर किती दिवस म्हणालेत?"

वैभवने नजर वळवली. गॅलरीच्या कठड्यावरून खाली अंगण दिसत होते. नुकतीच धुतलेली फरशी भिंतीपाशी ओली चकाकत होती. याच भिंतीपाशी, अकरा वर्षांपूर्वी, त्याच्या आईला शेवटचे ठेवले होते. चाळीतला प्रत्येक जण इथूनच चार खांद्यांवर बाहेर पडला होता. कुणाचे दिवस भरत आले, की सांगण्याची गरज नसे. स्कूटरी हलत, फरशी धुतली जाई. हे त्याला जन्मापासून ठाऊक होते, फक्त अप्पांसाठी ते ओळखायचे त्याने टाळले होते. जागा मोकळी झाली नव्हती. केली होती.

वरून ऑक्सिजनच्या यंत्राची संथ घरघर ऐकू येत होती. बाबुरावांनी कागद त्याच्या बोटांतून अलगद सोडवून घेतला, घडी घातली आणि परत कपाटात ठेवला.

"तारीख आपण मागाहून घालू."