परीक्षेचा पेशंट

"यंदा नातेवाईक बाहेर," परीक्षक डॉक्टर शेषगिरी म्हणाले. "पेशंटनं स्वतः सांगायचं, विद्यार्थ्यानं ऐकायचं."

राधा उठली नाही. "सर, अप्पांच्या एका वाक्याला दहा मिनिटं लागतात. पोरगं नापास होईल."

"लागू देत की. अशा माणसांसाठी थांबायला येत नसेल, तर नापासच व्हावं."

ती बाहेर येऊन बाकावर बसली.

अकरा वर्षांपूर्वी अर्धांगवायूने अप्पांची, म्हणजे तिच्या वडिलांची, वादिराज वकिलांची उजवी बाजू गेली. बोलणेही गेले, राहिले ते तुटके, घोगरे शब्द. हुबळीत डॉक्टरकीच्या परीक्षेला असे पेशंट लागत, म्हणून दरवर्षी बोलावणे येई. राधा त्यांना धारवाडहून घेऊन येई आणि सगळे स्वतःच सांगे. वय, कधी पडले, आधी हात गेला की पाय. मुलांना लिहून घेता यावे म्हणून सावकाश, त्यांच्या परीक्षेच्या क्रमाने. मुले तिला आक्का म्हणत; आक्का असली की पास, असे एकमेकांना सांगत. मध्येच अप्पांनी तोंड उघडले, तर ती रुमालाने त्यांचे ओठ पुसून देई.

बाकावर तिने पाठ टेकली. पहाटे चारपासून अप्पांची अंघोळ, कपडे, जिना, टॅक्सी. आता कुणी तिला काही विचारत नव्हते. बरे वाटले. तिचा डोळा लागला.

हाक आली तेव्हा तास उलटून गेला होता. प्रभंजन नावाचा विद्यार्थी समोर उभा होता.

"काय रे, घालवलं ना वर्ष?"

"नाही आक्का." तो हातातल्या कागदाकडे बघत होता. "मुख्य तक्रार विचारली, तर अप्पा हाताचं काही बोललेच नाहीत. पोट दुखतंय, म्हणाले. सरांनी लगेच तपासलं. गाठ लागतेय. आजच दाखल करा म्हणतात."

राधा बाकावरून उठली. "कधीपासून दुखतंय?"

"गेल्या परीक्षेला आले होते, तेव्हाही दुखत होतं म्हणे." तो थोडा घुटमळला. "एवढ्या दिवसांत त्यांनी सांगितलं नाही, आक्का?"

आतून अप्पांचा घोगरा आवाज येत होता. कुणाला तरी ते अजून काही सांगत होते.

"सांगायचं काम माझ्याकडे होतं," राधा म्हणाली.