शाळा सोडल्याचं कारण

"परीक्षेला भिऊन दहावीतून शाळा सोडली हिनं!" असं म्हणत पंडितआबा चाळीस वर्षं बायकोला चारचौघांत चिडवत आले. प्रमिलाबाई नुसत्या हसायच्या.

त्या गेल्यावर वारसाच्या कागदांसाठी त्यांचा शाळेचा दाखला लागला. आबा असोद्याहून एसटीने धुळ्याला, त्यांच्या माहेरच्या शाळेत गेले. तिथल्या क्लार्क मॅडमनी जुनं रजिस्टर काढून वाचलं, "प्रगती, उत्तम. हुशार होत्या की काकू! शाळा सोडल्याची तारीख, दोन फेब्रुवारी शहाऐंशी. कारण, लग्न." मग त्यांनी मान वर केली. "परीक्षेला महिनाच राहिला होता, आबा. थांबायचं ना जरा."

"'मार्च होऊ द्या', असं तिचे वडील हात जोडून म्हणत होते," आबा म्हणाले. "घाई मला होती."