बिर्गिटची हाक

ऑल्बोर्ग शहरातल्या एका ऑनलाइन गेमवाल्या टोळीचा एक रिवाज होता. नव्या गड्यानं आपल्या आवाजातली एक हाक रेकॉर्ड करून सगळ्यांच्या सामायिक भांडारात टाकायची. मग गेममध्ये धोका आला की प्रत्येकाकडे त्यांतलीच एखादी वाजायची. बिर्गिटची ‘बाजूला हो!’ सगळ्यांत खणखणीत. फेब्रुवारीत ती वारली, पण तिची हाक काढायचा धीर भांडार सांभाळणाऱ्या टॉर्बनला झाला नाही.

रविवारी दुपारी खेळता खेळता आस्गर हेडफोनमधून ओरडला, “अरे टॉर्बन, ती किटली उतरव की! कान फाटले!”

“किटली ठेवलीच नाहीये मी.”

“मग बिर्गिटच्या हाकेमागे काय वाजतंय?”

टॉर्बननं फाइल उघडली. एका सेकंदाची हाक नऊ सेकंदांची झाली होती. ‘बाजूला हो!’ मग कुत्रं एकदा भुंकलं. किटलीची शिट्टी. खुर्ची ओढल्याचा आवाज. शेवटी टॉर्बनचाच आवाज, भेदरलेला: “बिर्गिट, नको!”

“कुणाचा हा चावटपणा?” त्यानं विचारलं.

त्यानं फाइल पुसून टाकली.

स्वयंपाकघरात त्याचं कुत्रं एकदा भुंकलं. मग किटलीनं शिट्टी दिली.

घरात तो एकटाच होता. आपण हललोच नाही तर खुर्ची वाजणार नाही, म्हणून तो खुर्चीला घट्ट धरून बसला.

आत, स्वयंपाकघरात, दुसरी खुर्ची ओढली गेली.