बसायची सोय

अळीने अर्धं पीक फस्त केलं, औषधालाही ती बधेना, तेव्हा कुठे शेतकऱ्याला पाखरांची आठवण झाली. त्यांना बोलवायचं म्हणून त्याने आधी शेताच्या मधोमध उभं असलेलं बुजगावणं उपटलं, खांद्यावर टाकून घरी आणलं आणि निवृत्त झालेल्या माणसासारखं दारात टेकवून ठेवलं.

"हे काय, पाहुणे आणलेत?" बायकोने विचारलं.

"पाखरं भितात गं याला. आता बिनधास्त येतील."

"अहो, उरलीसुरली चार पाखरं याच्याच खांद्यावर बसून अळ्या टिपत होती. मी रोज बघते."

"बुजगावण्यावर? भीती नाही वाटत त्यांना?"

"वाटली तरी सांगतात कोणाला? ट्रॅक्टर वळायला जागा हवी म्हणून बांधावरची सगळी झाडं तुम्हीच तोडलीत. मग बसायचं कुठे त्यांनी?"

त्याने कोपऱ्यातल्या चार काठ्या उचलल्या, बुजगावणं पुन्हा खांद्यावर घेतलं आणि तो शेताकडे निघाला.

संध्याकाळी ते परत आपल्या जागी उभं होतं. आता त्याला सहा हात होते. दारातून बघताना बायकोला क्षणभर झाडच वाटलं.